थोडा प्ले आहे

रत्नागिरीत मूल जन्माला आलं की त्याचं वजन करायच्या आधी त्याच्यात काय कमी आहे ते पाहतात. ‘नाक आजोबांवर गेलंय’ हे कौतुक नसतं. आजोबांचं नाक अजून कुणी विसरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे तोच मुलगा बोर्डाच्या परीक्षेत चमकला तर बोर्डाची पातळी घसरलेली असते. खोट काढणं हा आमच्याकडचा आंबा आणि मासळी यांच्या खालोखालचा उद्योग आहे. त्याला हंगाम नाही, थ्रिप्स लागत नाहीत आणि जून-जुलैत मासेमारीसारखी बंदीही नसते.

या उद्योगात अडचण एकच. ज्याची खोट काढावी तो रागावतो. म्हणून आमच्या अंगणात एका जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल तपासायचं ठरलं त्या दिवशी सगळी वाडी लोटली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोटच काढायची, ती मोठ्याने सांगायची, आणि जिची काढली ती वस्तू चकार शब्द बोलणार नाही. इतकं निर्भेळ सुख आमच्या वाडीला शिमग्यातही मिळत नाही.

कोकणात ट्रॅक्टर म्हणजे देशावरचा पाहुणा. आमची भातखाचरं एवढीएवढीशी. ट्रॅक्टर आत घातला तर वळवायला शेजाऱ्याच्या खाचरात जावं लागतं आणि शेजाऱ्याच्या खाचरात जायचं तर कोर्टातून जावं लागतं. शहाणी माणसं म्हणूनच पॉवर टिलर घेतात. पण आमच्या काकांना शहाण्यांचा पहिल्यापासून राग. चाळीसेक वर्षांपूर्वी ते घाटावर कुणाच्या तरी बाराव्याला गेले आणि येताना लिलावातला ट्रॅक्टर घेऊन आले. बाराव्याहून येताना माणसं लाडू आणतात. काकूने त्या दिवसापासून काकांना एकटं बाराव्याला पाठवलं नाही.

त्या ट्रॅक्टरने शेत असं कधी नांगरलंच नाही. चिरेखाणीतून चिरे ओढले, आंब्याच्या पेट्या वाहिल्या, दरवर्षी वाडीचे गणपती समुद्रावर पोचवले. मग चिरे वाहायला डंपर आले, पेट्यांना टेम्पो आले आणि तो पडवीच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला. रत्नागिरीत एकदा आलेली गोष्ट सहसा परत जात नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा व्हायला १९१० साल उजाडलं, आणि १९१६ साली तो इथेच वारला. आमचा ट्रॅक्टर त्याच वाटेने निघाला होता. फक्त राजवाड्याचं तेवढं राहून गेलं.

यंदा मला तो चालता करायची बुद्धी झाली. इंजिनाची तक्रार नव्हती. बॅटरी बदलल्यावर ते खोकून, थुंकून सुरू झालं. तक्रार पुढून होती. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं तरी चाकांना पत्ता नसे. आमच्याकडच्या सत्कार समारंभात प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, परिचय आणि परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाल्यावर पाहुणा उभा राहतो, तशी मग चाकं वळत. काकांना यात काही गैर वाटत नसे. देवळापाशी वळायचं असलं की ते ग्रामपंचायतीपासून स्टिअरिंग फिरवायला घेत. चाळीस वर्षांत चुकले नाहीत. मला गाडी शिकवताना त्यांचा एकच धडा होता, ‘‘वळण दिसायच्या आधी वळायचं.’’ मी तो इतका घोटून घेतला की मोटरसायकलवरसुद्धा लोक मला पाहून आधीच बाजूला होतात.

त्यातून उतारावर वेग थोडा वाढला की पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागत, आणि बघता बघता ट्रॅक्टर पालखी नाचवल्यासारखा नाचे. मागे ढोल तेवढा नसे.

मेस्त्रींना बोलावलं ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. मृग निघाला की आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मग चिखलात लोळून ट्रॅक्टरच्या पोटाखाली बघणं फक्त म्हशीला जमतं. शिवाय मेमध्ये सगळे चाकरमानी गावात. हा मुहूर्त मी निवडला म्हणायचा की त्याने मला, कोण जाणे. सकाळी नऊला मेस्त्री आले तेव्हा अंगणात चौदा माणसं होती आणि चौदांपैकी बारांना ट्रॅक्टरमधलं सगळं कळत होतं. उरलेल्या दोघांतला एक मी आणि एक मेस्त्री, कारण ‘बघितल्याशिवाय काय सांगू?’ असं म्हणणारे तेवढे एकटेच निघाले.

त्यांनी आधी चहा घेतला. मग ट्रॅक्टरच्या समोर दहा पावलांवर उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. पाच मिनिटं गेली. मुंबईचा एक पाहुणा अस्वस्थ झाला. त्याला वाटलं, मेस्त्रींना काही सुचत नाहीये.

‘‘एक चाक शाळंत चाललंय, एक बाजारात,’’ मेस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी वाकून पाहिलं आणि खरंच होतं. उजवं चाक वरून आत कलंडलेलं, डावं नाकासमोर. टायर बघावेत तर उजव्याची एक कड गुळगुळीत, दुसरीवर नक्षी शाबूत. पाना-पक्कड बाहेर काढायच्या आधी निम्मं निदान झालं होतं. आमचे जुने वैद्य पेशंट पायऱ्या चढून येईपर्यंत त्याचा रोग ठरवत, तसं.

आता प्रश्न आला, ट्रॅक्टर कुठला? नावाची पाटी कधीच गेलेली. रंगावरून ओळखायची सोय काकांनी ठेवली नव्हती. दर खंडेनवमीला घरात जो रंग उरलेला असेल तो ते ट्रॅक्टरला देत. वरचा थर खिडक्यांचा हिरवा, त्याखाली तुळशीवृंदावनाचा गेरू, त्याखाली पंपाचा निळा. पैजा लागल्या. कुणी म्हणालं आयशर, कारण फरिदाबादला १९५९ साली भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर तो, आणि आपल्या काकांचं सगळंच पहिलं. दुसऱ्याने इंटरनॅशनलचा बी-२७५ ठरवून टाकला. ते साठच्या दशकात मुंबईत कांदिवलीला निघायला लागले, आणि त्याचा मामेभाऊ कांदिवलीलाच राहतो. हा पुरावा आमच्याकडे ग्राह्य धरतात.

मेस्त्रींनी पुढच्या एक्सलवरचा चिखल खुरपून काढला आणि बोट दाखवलं. ‘‘दोन ड्रॅग लिंक हायत बगा. एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. मधला आडवा टायरॉड न्हाय. फर्गुसनच्या घराण्यातला हाय. मॅसी पस्तीस.’’

घराणं हा शब्द बरोबर पडला होता. एरवी स्टिअरिंगमधून एक दांडा एका चाकाकडे जातो आणि ते चाक आडव्या टायरॉडने दुसऱ्याला ओढतं. थोरल्याला सांगायचं, धाकटा त्याच्यामागून येतो. फर्ग्युसनने तसं ठेवलं नाही. स्टिअरिंगच्या पेटीतून दोन्ही बाजूंना दोन हात काढले आणि दोन्ही चाकांना ज्याचा त्याचा दांडा दिला. एक्सल तीन तुकड्यांचा केला, बाहेरचे दोन तुकडे किंचित मागे कललेले. भोकं बदलून चाकांमधलं अंतर वाढवा की कमी करा, स्टिअरिंग पुन्हा जुळवायला लागत नाही. दोन मुलगे, दोघांना वेगळे हिस्से, बापाशी थेट संबंध, भांडण नाही. या माणसाला आमच्याकडच्या वाटण्या करायला बोलवायला हवं होतं.

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ साली त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं, आणि मग कोणाही समंजस माणसाप्रमाणे जमिनीवर येऊन नांगराच्या मागे लागला. ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन ठिकाणी जोडायची जी पद्धत आज जगभर आहे ती त्याची. त्याचा छोटा करडा टीई-२० इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ पासून निघू लागला आणि दहा वर्षांत पाच लाखांच्या वर खपला. १९५३ साली मॅसी-हॅरिसशी सोयरीक झाली, १९५६ ला पस्तीस आला, आणि १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी निघून मॅसी फर्ग्युसन भारतातही तयार होऊ लागला. आमचा मद्रासचा की विलायतेचा, यावर दुपारच्या जेवणापर्यंत दोन पक्ष पडले होते. काका अर्थातच विलायत पक्षाचे अध्यक्ष.

‘‘एव्हरेस्टवाला हिलरी,’’ काका पडवीतून म्हणाले, ‘‘दक्षिण ध्रुवावर गेला तो फर्ग्युसन घेऊन. बर्फात! आणि तुम्ही याला चालत नाही म्हणता.’’

हे खरं आहे. ४ जानेवारी १९५८ ला एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला तो फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून, आणि त्याआधी जमिनीवरून कुठलंच मोटारवाहन तिथवर गेलं नव्हतं. पण हिलरीने पुढच्या-मागच्या चाकांवरून पट्टे चढवले होते. शिवाय ध्रुवावर गडगे नसतात. गडग्यांचं पुढे येईलच.

मेस्त्रींनी जॅक मागितला. मी बाजूला पडलेले दोन चिरे टेकू म्हणून आणले, तर त्यांनी ते पायाने सारले. ‘‘चिरा चाकामागं लावायला घ्या. पोटाखाली न्हाय. चिरा फुटतो.’’ रत्नागिरीच्या माणसाला चिरा फुटतो हे कुणी सांगावं याचं सगळ्यांना वाईट वाटलं, पण पोटाखाली मेस्त्री स्वतः जाणार असल्यामुळे वाद झाला नाही. फणसाचा जुना ठोकळा आणला. मागच्या चाकांना चिरे लावून, ब्रेक ओढून, पुढचा भाग उचलला आणि ठोकळ्यावर टेकवला. जॅकवर भिस्त ठेवायची नाही, हा त्यांचा दिवसभरातला पहिला आणि शेवटचा उपदेश.

‘‘चाक बारा आणि सहावर धरा,’’ ते म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं. साडेदहाच वाजले होते.

‘‘एक हात वर, एक खाली. आता हलवा.’’

चाक हललं. वरून आत, खालून बाहेर, आणि कुठून तरी खट्ट असा आवाज आला. सगळे खूश झाले.

‘‘प्ले हाय,’’ मेस्त्री म्हणाले.

हा शब्द आमच्या मेस्त्री लोकांनी कुठून उचलला ते सांगायला नको, पण त्यांच्या तोंडी तो आता अस्सल मराठी झाला आहे. ढिलं, सैल, खिळखिळं या सगळ्यांत जो दोषारोप असतो तो ‘प्ले’मध्ये नाही. वस्तू मोडलेली नसते, बिघडलेलीही नसते. तिच्यात खेळ शिरलेला असतो. आमच्या रत्नागिरी भागात नमन-खेळे होतात. गण झाला, गौळण झाली, रात्रीचे दोन वाजले तरी मुख्य वग सुरू होत नाही आणि कुणाला घाईही नसते. आमच्या स्टिअरिंगची तीच गत होती.

पण प्ले आहे हे कळणं सोपं. कुठे आहे, तिथे खरी विद्या लागते. चाक हलतं ते बेअरिंगमुळे, की चाक जिच्यावर वळतं त्या किंगपिनच्या बुशमुळे, की एक्सलच मधल्या पिनवर झुलतोय म्हणून? आवाज एक, आरोपी तीन. मुंबईचे पाहुणे पुढे सरसावले. मोटारीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेले गृहस्थ ते. म्हणाले, ‘‘सोपं आहे. एकाने ब्रेक दाबून धरा. ब्रेक दाबल्यावर चाक हलायचं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन.’’

मोटारीच्या बाबतीत ही युक्ती शंभर नंबरी आहे. मेस्त्रींनी मान हलवली, वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘ह्याच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नसतात.’’

अंगणात दिवसभरात एकदाच शांतता पसरली ती तेव्हा. जुन्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. पुढची चाकं दिशा दाखवायला. थांबणं-बिंबणं मागच्यांनी बघायचं. बत्तीस वर्षं फुकट गेलेली पाहून मला वाईट वाटलं, आणि मी पाहुण्यांना एक आंबा कापून दिला.

मग मेस्त्रींनी आपली रीत दाखवली. मला चाक हलवायला लावलं आणि स्वतः आतल्या बाजूने बोट टेकवून बसले, अर्धं बोट हबवर, अर्धं स्टब एक्सलवर. चाक हललं आणि दोन्हींमधली फट उघडझाप करायला लागली तर बेअरिंग सैल. हब आणि स्टब दोघं जोडीने हलले आणि फट वर किंगपिनपाशी, एक्सलच्या तोंडाशी दिसली, तर बुश गेलं. आमचे देवळातले गुरवही बघायला आले होते. कौल लावताना देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात आणि उजवी पडते की डावी याच्याकडे सगळं गाव श्वास धरून बघतं. अगदी तशीच सगळी त्या बोटाकडे बघत होती. मी चाक हलवलं. बोट सरकलं नाही. वर, किंगपिनपाशी, ग्रीसच्या सुकलेल्या पापुद्र्याला चीर गेली.

‘‘किंगपिनचं बुश,’’ मेस्त्री म्हणाले.

‘‘व्हय महाराजा,’’ गुरव सवयीने म्हणाले.

डाव्या बाजूला बेअरिंग सैल होतं, पण ते साधं दुखणं. टोपी काढली, स्प्लिट पिन ओढली, चाक फिरवत फिरवत नट आवळला आणि पुन्हा एका खाचेइतका मागे सोडला. पार आवळून ठेवलं तर बेअरिंग तापून जळतं. सुनेशी कसं वागावं याबद्दल आमच्या आईने त्यावरून काही निरीक्षणं मांडली. ती सुनेच्या माघारी मांडली असती तर बरं झालं असतं.

जुनी स्प्लिट पिन मात्र मेस्त्रींनी परत घातली नाही. वाकवून सरळ केलेली पिन पुन्हा वापरायची नसते. किंमत ती काय, पाच-दहा रुपये. यावर मला कैकेयी आठवली. कीर्तनकार सांगतात की देवांच्या बाजूने लढताना दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निसटली आणि कैकेयीने तिथे आपला हात घालून चाक धरून ठेवलं. राजा खूश झाला, दोन वर देऊन बसला, आणि पुढचं आपल्याला माहीत आहे. म्हणजे बघा, निघायच्या आधी अयोध्येच्या एखाद्या मेस्त्रीने पुढचा आस तपासून नवी खीळ घातली असती तर वर नाही, वनवास नाही, आणि वाल्मीकींना दुसरा विषय शोधावा लागला असता. कर्णाचं चाक रुतलं ते निराळं. ते रस्त्यांचं खातं.

खरी गंमत मधल्या पिनेत होती. ट्रॅक्टरला मोटारीसारखे पाटे किंवा स्प्रिंगा नसतात. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल असा सगळा एक लोखंडी ओंडका. तो चार चाकांवर ताठ बसवला तर खाचखळग्यात एक चाक कायम हवेत राहील. म्हणून पुढचा एक्सल मधोमध एकाच सेंटर पिनवर टांगतात, तो झोपाळ्यासारखा डावी-उजवीकडे झुलतो आणि चारही चाकं जमिनीला टेकतात. खरं पाहता ट्रॅक्टर ही चार चाकांवर चालणारी तिवई आहे. मागचे दोन पाय आणि पुढची ती एक पिन. सगळ्या संसाराचा पुढचा भार जिच्यावर, ती कुणाला दिसत नाही, तिला तेलपाणी कुणी करत नाही. (इथे आईने पुन्हा घसा साफ केला.)

मेस्त्रींनी पहार घातली आणि एक्सल पुढे-मागे दाबला. तो डावी-उजवीकडे झुलायला हवा; हा पुढे-मागेही झुलायला लागला. पिन बाहेर काढायला दोन तास, एक घण, एक गॅसची ज्योत आणि अनेक माणसांचे पूर्वज लागले. बाहेर आली तेव्हा ती गोल नव्हती. एका बाजूने झिजून काजूच्या बीसारखी झाली होती. हातोहात फिरली. प्रत्येकाने ती डोळ्यांसमोर धरून, फिरवून, ‘आता काय राह्यलंय यात’ असा चेहरा केला आणि पुढच्याकडे दिली. स्थळ म्हणून आलेल्या मुलाची पत्रिका आमच्याकडे अशीच फिरते.

पिनेच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट निघाली. गोल वाकवलेला पत्र्याचा तुकडा. मेस्त्रींनी पुसला तर त्यावर ‘निव्वळ वजन’ एवढी अक्षरं दिसली.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘तो मी घातलाय,’’ काका पडवीतून म्हणाले, आणि पहिल्यांदाच उठून आले. ‘‘वनस्पती तुपाचा डबा. गणपतीच्या आदल्या दिवशी पिन वाजायला लागली. बुश मिळेना. डबा कापला, गुंडाळला, ठोकला. तीस वर्षं चाललाय तो पत्रा. तुमचं नवीन बुश चालवून दाखवा तीस वर्षं.’’

मेस्त्रींनी तो तुकडा उजेडात धरला, अंगठ्याने चाचपला आणि काकांकडे मानेने किंचित दाद दिली. काका त्या दिवशी रात्री एक पोळी जास्त जेवले.

एक्सल झिजण्याचं कारण विचारलंत तर फर्ग्युसनचा यात काडीचा दोष नाही. प्रत्येक सांध्याला त्याने ग्रीसची निपल दिलेली होती. ग्रीस नुसतं वंगण नसतं. गनने नवीन भरलं की जुनं बाहेर पडतं आणि जाताना चिखल, माती, पाणी सगळं घेऊन जातं. म्हणून कडेने ताजं ग्रीस डोकावेपर्यंत भरायचं. पण आमच्या निपलांवर तीन रंगांचे थर बसले होते. ते खरवडले तर खाली हळद होती. दर खंडेनवमीला काका ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत, नारळ फोडत. ग्रीस सोडून सगळे उपचार व्हायचे. मेस्त्रींनी सुईने हळद उकरून काढली. आई म्हणाली, ‘‘माझे गुडघेही डॉक्टर असेच हलवून बघतात. ‘गॅप आलाय’ म्हणतात. मला नाही कुणी निपल बसवून देत.’’

बुश आणायला मी शहरात गेलो. दुकानाचं नाव घेत नाही.

‘‘मॅसी पस्तीसचं किंगपिनचं बुश आहे?’’

‘‘असेल.’’

‘‘म्हणजे आहे?’’

‘‘असेल म्हटलं.’’

‘‘बघता का?’’

‘‘बघितलं तर नसेल.’’

हे रत्नागिरीत विक्रीकौशल्य म्हणून शिकवतात. शेवटी लेथवाल्याकडे गेलो. त्याने झिजलेली पिन मापली, हळहळला, नवी पिन करायला घेतली आणि गनमेटलचं बुश कातून दिलं. बुश दाबून बसवलं की आतून आवळतं, म्हणून बसवल्यावर रीमर फिरवून पिनेच्या मापाचं करावं लागतं. मेस्त्री रीमर इतका हळू फिरवत होते की वाडीतल्या पोरांना झोप यायला लागली. घट्टही नको, सैलही नको. पिन स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे, पण धपकन पडता कामा नये. डाव्या ड्रॅग लिंकचं टोक नवं बसवलं. स्टिअरिंगच्या पेटीत जो काही खेळ होता तो जुळवून निम्म्यावर आणला. ‘‘ऱ्हाऊ द्या थोडा,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘अजिबात प्ले न्हाय ती गाडी वळत न्हाय.’’

मग चाकं जुळवायची वेळ आली. त्यांनी सुतळी घेतली. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मापलं, मग मागच्या. पुढचं अंतर काही मिलिमीटर कमी ठेवलं.

‘‘समोरून जरा जवळ, पाठीमागून जरा लांब,’’ ते म्हणाले. ‘‘तर सरळ चालतं.’’

‘‘भाऊबंदांसारखं,’’ गडग्यापलीकडून आवाज आला.

हे आमचे शेजारी. गडगा म्हणजे सुक्या चिऱ्यांची आमच्या दोघांमधली भिंत; दीड फूट त्यांच्या हद्दीत आहे की दीड फूट आमच्या, यावर एकोणीस वर्षं तारखा पडताहेत. या तीन दिवसांत ते अंगणात आले नव्हते, पण गडग्याच्या पलीकडे त्यांची खुर्ची रोज होती आणि आमच्या किंगपिनमध्ये काय निघालं ते त्यांच्या वकिलालाही ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी नारळ फोडला. मेस्त्रींनी आधी सगळ्या निपलांत ग्रीस भरलं, काकांनी नंतर हळदकुंकू लावलं, या क्रमाबद्दल मला अभिमान वाटतो. मी वर बसलो. इंजिन सुरू झालं. अंगणातून निघून गडग्याच्या कडेने पन्नास पावलं जायचं आणि आंब्याच्या झाडापाशी उजवीकडे वळायचं. काका पायरीवर उभे होते. त्यांचा धडा माझ्या मनगटात चाळीस वर्षं मुरलेला. झाड यायला वीस पावलं उरली असताना मी, वळण दिसायच्या आधी वळायचं म्हणून, स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं.

ट्रॅक्टर तत्काळ वळला.

प्रास्ताविक नाही, परिचय नाही, एकदम पाहुणा. आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं इतक्या आज्ञाधारकपणे त्या चाकांनी उजवीकडे तोंड केलं आणि ती गडग्यात शिरली. ब्रेक दाबले. मागच्या चाकांनी बघायचं ते बघितलं, पण पुढचे चार चिरे तोवर पलीकडे गेले होते.

मेस्त्री धावत आले ते माझ्याकडे नाही, चाकाकडे. बारा आणि सहावर धरून हलवलं. ‘‘कायसुद्धा झालं न्हाय,’’ ते समाधानाने म्हणाले. ‘‘बुश जागच्या जागी.’’

शेजारी खुर्चीतून सावकाश उठले. चष्मा लावला. गडग्याच्या उरलेल्या भागापाशी आले, एक हात वरच्या चिऱ्यावर ठेवला, एक खालच्या, आणि हलवून पाहिलं. मग पुन्हा एकदा, नीट कान देऊन.

‘‘थोडा प्ले आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आता मोजणी आणायला हवी.’’